बॉनेटला अडणी

लोक गाडी घेतात तेव्हा ती दारात येते. माझ्या नवऱ्याची गाडी सहा खोक्यांतून आली, आणि दारात येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आमचं दार हौगांगमध्ये अकराव्या मजल्यावर आहे. एका खोक्यात इंजिन, एकात चाकं, सगळ्यात मोठ्यात फायबरग्लासची बॉडी. जोडायचं सगळं आपणच. आणि जोडून झाल्यावरही तिला सिंगापूरच्या रस्त्यावर चालवायची परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य आहे, हे मला खोकी फोडून झाल्यावर सांगण्यात आलं.

"अगं, चालवायला नाही घेतली, बांधायला घेतलीय," नवरा म्हणाला. जिलबी आणायची आणि तिची वेटोळी मोजत बसायचं, त्यातला प्रकार.

नवऱ्याने पंचवीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. चीफ इंजिनिअर होता. आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांतल्या चुका काढतो, आणि घरी आल्यावर माझ्या. गाडीत त्याचा भागीदार म्हणजे पुण्याहून आलेला एक आयटी मॅनेजर. ह्या गृहस्थाने आयुष्यात पाना हातात धरला नव्हता, पण एक्सेल शीट असं बनवायचा की बघत राहावं. दोघांनी एका औद्योगिक इमारतीत गाळा भाड्याने घेतला आणि दर रविवारी तिथे जाऊन गाडीपेक्षा एकमेकांनाच जास्त दुरुस्त करू लागले. माझ्याकडे खातं आलं चहा आणि थालीपिठांचं.

आमची मुलगी वीस वर्षांची. तिने इंजिनिअरिंग अर्धवट सोडून डिझाइनच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हापासून वर्षभर बापलेकीत "जेवलीस?" आणि इंग्रजीतलं "या" एवढंच बोलणं उरलं होतं. एका रविवारी मी तिला डबा घेऊन गाळ्यावर पाठवलं. तिने बॉनेटला लावलेला रंग पाहिला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, धिस कलर कॅनॉट, ला." आणि बॉनेट ताब्यात घेतलं.

पुढचे आठ रविवार ती ते घासत होती. मोरपंखी रंग चढवला. कडेने एक बारीक सोनेरी रेघ ओढली, पट्टी न लावता, नुसत्या हाताने, श्वास रोखून. बाप शेजारी पॉलिशपेपर धरून उभा, ऑपरेशनला नर्स असते तसा. पंचवीस वर्षं लोकांवर ओरडलेला माणूस तिच्या सूचना निमूट ऐकत होता. एकदा दोघं कशावरून तरी खो खो हसले. मी जिन्यातच थांबले, मधे गेले नाही. त्याच दिवशी त्याने तिला शब्द दिला, "तुझ्या बॉनेटला मी आच लागू देणार नाही."

त्याने ते अगदी अक्षरशः म्हटलं होतं. बॉनेट इतकं बुटकं की एक्झॉस्टचे तापलेले पाइप त्याच्या जेमतेम वीतभर खाली. फायबरग्लासला उष्णता सोसत नाही. मधे काहीतरी लावायला हवं होतं, आणि काय लावायचं ह्यावर दोघांची परिषद सुरू झाली.

नवऱ्याचं एकच पालुपद, लॅगिंग. जहाजावर गरम पाइपांना काचेच्या धाग्यांचं जाड कापड गुंडाळतात, ते. भागीदाराला हवी होती सोनेरी चिकट फॉइल. "वहिनी, हे सॅटेलाइटला वापरतात!" तो डोळे विस्फारून म्हणाला. गाडी गाळ्याच्या बाहेर निघेना आणि हे तिला अंतराळात धाडणार. तिसरा नमुना होता खळगे पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. तो बॉनेटला चिकटवायचा नाही, छोट्या पायांवर बोटभर अंतर ठेवून बसवायचा. एक्सेलमध्ये त्याला 'दिसायला' ह्या रकान्यात भोपळा मिळाला. बॉनेटच्या पोटात, जिथे कुणी बघणार नाही, तिथे तो कसा दिसेल ह्याला गुण होते.

मी तो पत्रा हातात घेतला आणि मला हसूच आलं. ही तर अडणी! गरम पातेलं आपण टेबलावर थेट ठेवत नाही. खाली अडणी ठेवतो, मधे हवा राहते, टेबल वाचतं. फॉइल थेट चिकटवायची म्हणजे टेबलावर सोनेरी कागद पसरून त्यावर उकळतं पातेलं ठेवायचं. एवढं कळायला चीफ इंजिनिअर व्हावं लागत नाही. बहुधा न झालेलंच बरं.

"अहो," मी म्हणाले, "मधे हवा खेळती नको का? आपली अडणी असते तशी..."

"अगं, हे स्वयंपाकघर नव्हे. तू चहाचं बघ."

भागीदार हसला. सभ्यपणे हसला, पण हसला. मुलगी कानात इयरफोन घालून रेघ पुसत होती. मी चहाचं बघितलं.

शेवटी तडजोड झाली. पाइपांना चीफचं लॅगिंग आणि बॉनेटला आतून भागीदाराची फॉइल. दोघांचा मान राहिला.

मुहूर्ताला मी लिटिल इंडियातून नारळ, हार, लिंबं आणली. चारपाच मराठी कुटुंबं जमली. नवऱ्याने इंजिन सुरू केलं, टाळ्या पडल्या, आणि भागीदाराने व्हिडिओसाठी भाषण सुरू केलं. पार्श्वभूमीला इंजिनाचा आवाज हवा म्हणून ते चालूच ठेवलं. जहाजावर इंजिनरूममध्ये वारा ढकलायला अवाढव्य पंखे असतात. इथे अर्धं शटर ओढलेला गाळा, दुपारचे दोन, आणि जागची न हलणारी गाडी. भाषण संपता संपेना. फॉइलच्या कौतुकातच बराच वेळ गेला.

मग मला बोलावलं. मी कुंकू कालवलं आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं. दुसरी रेघ ओढेपर्यंत बोट चटकन भाजलं. ओलं कुंकू बघता बघता वाळलं. मी हात मागे घेतला.

मला कळलं. "अहो, बंद करा," तीन शब्दांचं काम होतं. पण कानात 'तू चहाचं बघ' घुमत होतं आणि समोर भागीदार मोबाइल धरून हसत उभा होता. मनात म्हटलं, होऊ दे. कळू दे ह्यांना एकदा. मी निरांजन उचललं आणि ओवाळायला लागले. सुखकर्ता झाली, दुर्गे दुर्घट झाली. लोक थांबायला लागले, तर मी शंकराची सुरू केली. इतकी सावकाश आरती मी घरच्या गणपतीलाही केली नसेल.

कापूर पेटवला तेव्हा पहिला फोड आला, वाटाण्याएवढा. मग भाजत्या पापडासारखे भराभर उठले. सोनेरी रेघ मधोमध तुटली. जळक्या गोंदाचा वास पसरला. नवऱ्याने धावत जाऊन इंजिन बंद केलं.

मुलगी बॉनेटकडे बघत उभी होती. नवऱ्याचा चेहरा मला बघवेना. "मी तुला शब्द दिला होता," तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाला, "हिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चीफने लॉगबुकात स्वतःची चूक नोंदवली होती. ते बरं वाटणं घरी पोचेपर्यंत टिकलं.

पुढच्या रविवारी तो पत्रा आला, पायांसकट. नवरा त्या पायांना आता अडणीच म्हणतो, भागीदाराने एक्सेलमध्ये 'अडणी' नावाचा रकाना वाढवलाय, आणि येईल त्याला दोघं सांगतात, "वहिनींची आयडिया." बापलेक पुन्हा बॉनेट घासायला बसली. ती त्याच्यावर रागावलीच नाही. उलट तोच अधूनमधून सॉरी म्हणायचा आणि ती म्हणायची, "नेव्हर माइंड, ला."

मी थर्मास घेऊन गेले तेव्हा तिचं एका कोपऱ्यात घासून व्हायचं होतं. तिथे माझं स्वस्तिक होतं. दोनच रेघा, करपून काळ्या पडलेल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं. मग माझा उजवा हात ओढून घेतला आणि बोटावरचा भाजल्याचा डाग बघितला. बाप पलीकडे पाणी बदलायला गेला होता.

आमची मुलगी माझ्याशी सदा इंग्रजीत बोलते. त्या दिवशी मराठीत बोलली, हळू, एकेक शब्द नीट लावून.

"बाबांना माहीत नव्हतं, आई. तुला माहीत होतं."

तिने माझा हात सोडला आणि त्या दोन रेघा घासायला घेतल्या.