डाव्या चाकाचा जुना कप

हे लिहावं की लिहू नये, यातच आठ महिने गेले. तुमच्या अंकातली अशा अनुभवांची पत्रं मी वाचनालयात बसून वाचायचे आणि प्रत्येक पत्राला मनातल्या मनात काहीतरी कारण शोधून द्यायचे — ताप असेल, भास असेल, झोप झाली नसेल. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. आणि उज्जैनसारख्या गावात, जिथे राम घाटावर दर चार पावलांवर कुणीतरी तुमचं काही ना काही उतरवून द्यायला बसलेलं असतं, तिथे काहीच न मानणं हे जरा हट्टाचंच काम आहे. तो हट्ट मी केला होता.

माझे बाबा मिस्त्री. आगर रोडला आमची पत्र्याची शेड होती, तिथे ट्रॉलीची आणि ट्रेलरची चाकं दुरुस्त व्हायची. आजोबा रेल्वेत खलाशी म्हणून खानदेशातून इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी आणि दुकानात हिंदी, असं आमचं चालतं. बाबा चौथी शिकलेले. पण बेरिंग बोटावर घेऊन फिरवलं की ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, हे किती चालेल.

बाजार नुकता खुला झाला होता. स्पेअरच्या दुकानांत बाहेरचे चकचकीत डबे दिसायला लागले होते. डब्यावरचं इंग्रजी वाचायला बाबा मला सोबत न्यायचे. एकदा दुकानदार म्हणाला, "उस्ताद, इम्पोर्टेड है, आँख बंद करके ले जाओ."

बाबा म्हणाले, "आँख बंद करके आप बेच रहे हो, भैया. मैं तो खोल के ही लूँगा."

मी पाहिलं तर डब्यावरचा नंबर वेगळा आणि बेरिंगच्या कडेवर कोरलेला वेगळा. बाबांनी डबा परत दिला आणि तेलकट कागदांत गुंडाळलेली साधी चार बेरिंगं घेतली. घरी येताना म्हणाले, "तू वाच, मी ऐकतो. दोघं मिळून एक पक्का मिस्त्री झालो बघ."

ही बेरिंगं मुळे काकांच्या गाडीसाठी होती. मुळे काका रेल्वेतून रिटायर झालेले. काकू मणक्याच्या आजाराने दोन वर्षं अंथरुणावर. बस नाही, रेल्वेचा डबा नाही, कशातही त्यांना बसता येत नव्हतं. नाशिकला त्यांची मोठी बहीण होती, अकरा वर्षं भेट नव्हती, आणि ती आता थकली होती. मग काकांनी एक जुना दोन चाकी ट्रेलर घेतला, त्यावर लाकडी खोली बांधून घेतली, आत पलंग, खिडकी, पाण्याचं पिंप. भाड्याची जीप पुढे, ही खोली मागे. शेजारच्या लेथवाल्या रईस चाचांनी तिचं नाव ठेवलं होतं — "मुळे साहब का शीशमहल."

काकूंना एकदा खोली दाखवायला खाटेवरून आणलं होतं. आत झोपवल्यावर त्या छताकडे बघून म्हणाल्या, "घर चालायला लागलं म्हणायचं. लग्नात यांनी फक्त सायकल दिली होती!"

आता थोडं चाकाबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच आहे. चाकाच्या मधल्या भागाला हब म्हणतात. हबमध्ये दोन बेरिंगं, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. प्रत्येक बेरिंगचे दोन भाग. कप म्हणजे हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेलं बाहेरचं कडं, आणि कोन म्हणजे त्यात फिरणारा रोलरवाला भाग. कोन हाताने निघतो. कप काढायचा तर मागून पितळी सळई लावून हातोडीने चारी बाजूंनी ठोकावं लागतं. बाबांचा नियम एकच — कप आणि कोन जोडीने बदलायचे. जुन्या कपात नवा कोन घातला की तो नीट टेकत नाही, तापतो, ग्रीस वितळून जातं, आणि मग चाकाचं काही खरं नाही.

गुरुजींनी काकांना निघायचा दिवस काढून दिला होता, आणि नेमके त्याच्या आदल्या दोन दिवसांत बाबा तापाने पडले. शेडमध्येच खाटेवर झोपून ते मला सांगत होते आणि मी काम करत होते. मला हे लहानपणापासून येत होतं. तळहातावर ग्रीस घेऊन कोनच्या रोलरमध्ये दाबून भरणं तर माझंच काम असायचं. रईस चाचा जाता-येता म्हणायचे, "क्यों मैडम, कॉलेज में मेहंदी की जगह यही लगाते हैं क्या?"

तीन कप निघाले. चौथा, डाव्या चाकाचा आतला, निघेना. मी जवळजवळ तासभर ठोकलं. तळव्याला फोड आले. अकरा वाजता माझं प्रॅक्टिकल होतं. कप आतून पुसून पाहिला... चकचकीत दिसत होता. एका जागी मोहरीएवढे दोन खड्डे होते. मी त्यांवरून बोट फिरवलं, काही खास लागलं नाही. बाबांनी नखाने पाहिलं असतं, मी बोटाने पाहिलं.

मी नवा कोन ग्रीस भरून जुन्या कपात बसवला. वरून ऑइल सील ठोकलं, म्हणजे कप दिसणार नाही.

"झाले का चारी?" बाबांनी विचारलं.

"झाले."

बाबा उठले. तापातच त्यांनी दोन्ही हब चढवले, चाक फिरवत फिरवत नट कसला, मग थोडा सैल केला, पिना घातल्या. हबचं तोंड झाकणाऱ्या पत्र्याच्या टोप्या तेवढ्या मी बसवल्या. घाईत हातोडीचा फटका तिरका बसला आणि डाव्या टोपीच्या कडेला पोचा पडला. गावातल्याच नानाखेड्यापर्यंत जाऊन गाडी परत आणली. बाबांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हबवर तळहात ठेवून पाहिला. ठीक होतं. तेवढ्या अंतरात काय तापणार?

काकांना ते म्हणाले, "दर तासाला थांबा आणि दोन्ही चाकांवर हात ठेवा. पाच मोजेपर्यंत हात टिकला नाही तर पुढे जायचं नाही. मग कुणी काही म्हणो."

"बाबूराव, तुमचा हात फिरलाय म्हणजे मी निर्धास्त," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते निघाले. मी कॉलेजात न जाता शेडवरच थांबले. का, ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

दुपारी पाऊण वाजला असेल, कारण चाचांच्या रेडिओवर बातम्या लागायच्या होत्या. बाबांचा ताप उतरला होता. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात गुडघ्यावर उताणा. स्टोव्ह नव्हता, वेल्डिंग चालू नव्हतं, आसपास गरम असं काहीही नव्हतं. मी त्यांच्यासमोर तीन हातांवर बसले होते.

ते एकदम ओरडले आणि हात झटकला. "भाजलं... अरे, भाजलं!"

मी हात धरून पाहिला. तळव्यावर लाल गोल कडं उमटत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते गडद झालं आणि कातडी वर आली. मी माठातलं पाणी ओतलं. रईस चाचा धावत आले, बघून म्हणाले, "ये तो लोहे का दाग है, भाई. किसको हाथ लगा दिया?"

बाबा माझ्याकडे बघत हळू म्हणाले, "डावं तापलंय."

"काय?"

"डावीकडचं. सेंधव्याच्या नाक्यावर आपल्या ओळखीचं गॅरेज आहे, डायरीत नंबर आहे. टावर चौकात जाऊन एसटीडी लावतो. नाक्यावर गाडी थांबतेच, ते अडवतील." त्यांनी एक पाय चपलेत घातलासुद्धा. मग थांबले. "सुमन, डावीकडचा आतला कप बदललास ना?"

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. एवढंच खरं सांगू शकते.

"बदललाय, बाबा. सगळे बदलले."

त्यांनी चप्पल काढली आणि खाटेवर बसले. "मग तापाचाच भ्रम असेल," म्हणाले. हातावर फोड फुगत होता आणि ते मला सांगत होते की भ्रम असेल... आणि मी मान हलवली.

सेंधव्याच्या पुढे बिजासनच्या घाटात दोनच्या सुमाराला डावं चाक हबसकट निखळलं. खोली कुशीवर पडून दगडी कठड्याला आपटली. सेंधव्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच काकू गेल्या.

तेराव्यानंतर काका स्वतः शेडवर आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सांगत होते, पाऊण वाजता सेंधव्याच्या अलीकडे जुलवानियाला चहाला थांबलो होतो. उजव्या चाकावर हात ठेवला, ठीक होतं. डावीकडे अगदी लागून ट्रक उभा होता, वळसा घालून जावं लागलं असतं. "हिला नुकतीच झोप लागली होती, बाबूराव. म्हटलं, एक बाजू ठीक आहे म्हणजे दुसरीही असेल..."

हातातला चहा तसाच ठेवून ते रडायला लागले. बाबांचा हात तेव्हाही पट्टीत होता.

त्याच्या आधी बाबा सेंधव्याहून हब गोणीत घालून घेऊन आले होते. माझ्यासमोरच त्यांनी तो फोडला. जळून निळा पडलेला कप हातात घेतला, त्याच्या कडेचा नंबर पुसून उजेडात धरला. जुन्या बेरिंगचा नंबर होता तो. इंग्रजी येत नसलं तरी आकडे त्यांना कळतात. मग फडक्यात गुंडाळून आत ठेवला.

आणि काका रडत होते तेव्हा ते माझ्यासमोर म्हणाले, "तुमची चूक नाही. काम माझं होतं. चाकं मीच चढवली."

मी तिथेच उभी होते. काकांचा गार झालेला चहा उचलून मी आत नेला.

गोणीत ती टोपीही होती. एकदा बाबा झोपले असताना मी ती त्यांच्या तळव्याजवळ धरून पाहिली. कडं तेवढंच. आणि ज्या जागी टोपीला पोचा होता, त्या जागी वणातही कडं आत दबलेलं. डॉक्टरांना आम्ही सांगितलं होतं की स्टोव्हवर भाजलं. ते म्हणाले होते, स्टोव्हवर असं भाजत नाही.

चाक का निखळलं, हे मी तुम्हाला आकृती काढून समजावू शकेन. त्यात काही गूढ नाही. ते सगळं माझ्या हाताने झालं. पण दोनशे किलोमीटरवर चाललेल्या चाकाने उज्जैनला बसलेल्या माणसाचा हात भाजला, याला माझ्या पुस्तकांत जागा नाही. बाबांचाच का, माझा का नाही, हेही मला कळत नाही. आमच्या सरांना मी ही गोष्ट मैत्रिणीची म्हणून सांगितली. ते हसले. वाचकांपैकी कुणाला काही ठाऊक असेल तर लिहा. माझं नाव मात्र छापू नका; वरची नावं बदललेली आहेत.

शेड आता बंद आहे. बाबा स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर बसतात. परवा ते घरी आल्यावर मी पाणी दिलं आणि बराच धीर करून म्हटलं, "बाबा, तो डावीकडचा कप..."

त्यांनी पेला खाली ठेवला. "परीक्षा कधीपासून आहे तुझी?"

"सोमवारपासून."

"मग जा. अभ्यास कर."

मी आत गेले आणि पुस्तक उघडून बसले.