लासिमदादा तिकीट काढून नदीवर गेला

माझा थोरला भाऊ लासिम जन्मला किनाबातांगन नदीच्या काठी आणि वाढलाही तिथेच. नदीतली मोठी कोळंबी पिंजऱ्यात धरून त्यानं तीन लेकी वाढवल्या, लग्नं करून दिली. असा हा माणूस साठीला टेकल्यावर एके दिवशी तिकीट काढून, गळ्यात तरंगायचं नारिंगी जॅकेट अडकवून, शहरातल्या पाहुण्यांच्या शेजारी बसून त्याच नदीची सहल करून आला. गावात अजून कुणी ते विसरलेलं नाही. पण तो का गेला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मी धक्क्यावर तिकिटं देते आणि त्या दिवशी बोटीत होते, म्हणून मला ठाऊक.

दादाचा गुडघा गेला तेव्हापासून ही गोष्ट सुरू होते. गुडघा गेला, पिंजरे गेले, होडी पुतण्याला दिली. दादा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागला. घरात नुसतं बसून राहणारा पुरुष बाईला किती जड होतो ते सांगायला नको. जैतूनवहिनीनं मग सहलीच्या बोटीवर काम धरलं. सांदाकान शहराहून सकाळी पाहुण्यांची गाडी येते, ते लोक दिवसभर जंगलाच्या कडेनं फिरतात, लांबनाकी माकडं, धनेश, मगरी बघतात आणि उजेड असतानाच परत जातात. वहिनीचं काम साधं. बोटीत चहा आणि केळ्याची भजी द्यायची, दुपारी वरच्या वळणावरच्या झोपडीत भात-मासळी वाढायची.

बोट सैदीलची. सैदील आमच्याच गावचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, केस काळे केलेले, डोळ्यांवर सदा काळा चष्मा. बोलण्यात साखर. सुकाणू धरून मागं बसायचा आणि तिथूनच पाहुण्यांना माहिती सांगत राहायचा. गावातल्या निम्म्या बायका त्याच्या बोलण्यावर हसायच्या आणि निम्म्या त्याच्या केसांवर.

व्हरांड्यातून नदी दिसते थोडी, ऐकू येते जास्त. दादा इंजिनाच्या आवाजावरून कुठली बोट ते सांगायचा. सैदीलची बोट गेली की तो पुढं वाकून कान द्यायचा. पाण्यावरून आवाज लांब येतो. एक दिवस त्या बोटीतून वहिनीचं हसणं आलं. मी तिथंच कॉफी पीत बसले होते. मोकळं, पोटातून आलेलं हसणं.

"ऐकलंस?" दादा म्हणाला.

"वहिनी हसली."

"घरात कधी हसलेली ऐकलीस?"

"तू कधी हसवलंस?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी कॉफी अर्धी टाकून उठले.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला. वहिनीनं डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधला, तर हा विचारायचा, "आज लग्न आहे का कुणाचं?" ती जेवताना म्हणाली, "सैदील सांगत होता, पाणी चढणार," तर हा म्हणायचा, "त्याला विचारून चढतं वाटतं पाणी!" ती गप्प राहिली तर गप्प का, बोलली तर एवढं काय बोलायचं. रात्रीचं जेवण दोघांचं, आणि तिसरा सैदील रोज पानावर असल्यासारखा.

एका सकाळी धक्क्यावर काठी टेकत दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर ईदची टोपी.

"एक तिकीट दे."

"कुठलं?"

"नदीचं."

"दादा, नदी तुझ्या जिन्याखाली आहे. तिकीट कशाला?"

"हे सगळे काढतात ना? मग मला काय झालं? सैदीलच्या बोटीचं दे."

"वेड लागलंय का तुला? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते ऐकूनच आलोय."

लोक काहीच म्हणत नव्हते. पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता. मी तिकीट दिलं, खिडकीवर भाचीला बसवलं आणि स्वतःही बोटीत चढले. म्हटलं, हा मधेच उठून कुणाच्या थोबाडीत देईल, तर धरायला कुणीतरी हवं.

वहिनीनं त्याला बघितलं आणि तिच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. "अहो, तुम्ही?"

"का? मला जंगल बघायची बंदी आहे?"

"बसा. जॅकेटचा पट्टा नीट लावा," एवढंच ती म्हणाली. पट्टा त्याला लावता येईना, आणि तिच्याकडून लावून घ्यायचा नव्हता. शेवटी शेजारच्या उंच जर्मन आजीनं खटकन लावून दिला. पलीकडं क्वालालंपूरचं एक जोडपं आणि त्यांच्या दोन मुली होत्या. सैदीलनं मागून हाक दिली, "लासिमभाऊ! या या, आज माझ्या बोटीचं भाग्य!" दादानं मान वळवली नाही.

बोट मोठ्या नदीतून आत अरुंद ओढ्यात शिरली. दोन्ही बाजूंनी झाडं पाण्यावर ओणवलेली. मुलींनी दुर्बिणी काढल्या. दादाची नजर मात्र जंगलाकडं नव्हती. तो वहिनी आणि सैदील यांच्यामधल्या हवेकडं बघत होता.

आणि खरं सांगते, बघण्यासारखं होतं. वहिनी मधोमध बसलेली, तोंड मागं सैदीलकडं. ती अधूनमधून काठावरून नजर फिरवायची, मग किटली उचलून डाव्या बाजूच्या पाहुण्यांना चहा द्यायची. सैदील तिच्याकडंच टक लावून असायचा. तिनं डावीकडं चहा दिला, की तो लगेच इंजिन मंद करून म्हणायचा, "डावीकडं बघा, वर, फांदीवर!" आणि तिथं माकडांचा सगळा कबिला, पुढाऱ्यासारखं पोट सुटलेला नर मधोमध. मग तिनं उजवीकडं भजी दिली. "उजवीकडं, पाण्यालगत!" तिथं घोरपड. एकदा तिनं किटलीचं झाकण उघडून पुन्हा बसवलं, आणि सैदील म्हणाला, "आता आकाशात बघा." डोक्यावरून धनेशाची जोडी पंखांचा भला मोठा आवाज करत गेली.

प्रत्येक वेळी तो मागून हसायचा आणि वहिनी इकडून हसायची. शब्द एक नाही. नुसती नजर, किटली आणि हसू. मलासुद्धा शंका आली.

"बघतेस ना?" दादा माझ्या कानाशी म्हणाला. "चाळीस वर्षं एका छताखाली राहिलो. मला मीठ हवं असेल तर तोंडानं मागावं लागतं. आणि ह्याला झाकणाचा आवाज कळतो."

"दादा, खाली बस."

पण तो उठलाच. बोट हलली, मुली किंचाळल्या. त्यानं वहिनीच्या हातातली किटली काढून घेतली. "तू बस. आज मी देतो चहा." आणि सैदीलकडं पाठ करून दोघांच्या मधे उभा राहिला.

"अहो, सरका," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "अहो, सरका तिथून. त्याला दिसू द्या."

"काय दिसू द्या? तू?"

तेवढ्यात वहिनी ओरडली, "सैदील, उजवीकडं घे! ओंडका!" उशीर झाला होता. पाण्याखालचा ओंडका बोटीला घासत गेला, बोट एका अंगावर कलली, सगळा चहा जर्मन आजीच्या पायांवर. नशीब, चहा कोमटच होता. आजी मात्र खूश. तिला वाटलं मगर आली.

दादा धडपडून सैदीलच्या पुढ्यातच बसला होता. धक्क्यानं सैदीलचा काळा चष्मा निघून बोटीच्या तळाशी पडला होता, त्याच्या पायापासून वीतभर, आणि तो आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरासारखा भलतीकडंच चाचपत होता. दादानं चष्मा उचलून त्याच्यासमोर धरला. सैदीलला तोही दिसला नाही. त्याच्या दोन्ही बुबुळांवर भाताच्या पेजेसारखी साय होती.

दादानं चष्मा त्याच्या हातात कोंबला आणि जागेवर जाऊन बसला.

वरच्या वळणावर जेवण झालं. पाहुणे झोपडीत पंख्याचा वारा घेत बसले आणि दादा वहिनीला फणसाच्या झाडाखाली घेऊन गेला. मी ताटं विसळत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"कधीपासून दिसत नाही त्याला?"

"गेल्या पावसाळ्यापासून. काठ कळतो, बोटीतलं माणूस हललेलं कळतं. बारीक काही, झाडावरचं काही कळत नाही. बोट गेली तर तो खाईल काय? म्हणून मी बघते नि तो बोलतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अख्ख्या गावाला सांगितलं असतं."

हे खरं होतं, म्हणून तो वेगळ्या वाटेनं आला. "आणि ते हसणं?"

"हसणं काय? त्याला वाघळाएवढा धनेश दिसत नाही आणि तो पाहुण्यांना सांगतो, 'आमच्या नजरेतून काही सुटत नाही!' हसू नाही येणार?"

"घरी येऊन मला काही सांगितलं नाहीस कधी. काय बघितलंस, काय नाही."

वहिनी भांडं खाली ठेवून कमरेवर हात घेऊन उभी राहिली. "सांगितलं होतं. एकदा. हत्तींचा कळप नदी पोहून गेला, पिल्लू आईच्या शेपटीला सोंडेनं धरून होतं, मी सांगत होते. तुम्ही म्हणालात, आमटीत मीठ कमी आहे."

दादा काठीनं माती उकरायला लागला. मी ताटं मोठ्यानं आपटली, म्हणजे मी ऐकत नव्हते असं त्यांना वाटावं.

परतीच्या फेरीत दादा एका कोपऱ्यात बसला. वहिनीनं किटली पुन्हा हातात घेतली. एका उंबराच्या जातीच्या झाडावर तिची नजर थांबली, ती बराच वेळ वर बघत राहिली, आणि डावीकडं चहा दिला. सैदीलनं इंजिन बंद केलं. पानांत काही नव्हतं. मग पानं हलली आणि तांबड्या केसांचा एक हात बाहेर आला, मागोमाग ओरांगउटानची मादी, पोटाशी पिल्लू. क्वालालंपूरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुली दुर्बिणी विसरल्या. सगळे वर बघत होते आणि दादा वहिनीकडं. तिचं तोंड उजळलेलं होतं, तरण्या पोरीसारखं.

मला वाटलं होतं, आता याची आग विझेल. छे! उतरताना तो मला म्हणाला, "सैदीलचं एक वेळ परवडलं असतं गं. त्याच्याशी भांडता आलं असतं. त्या माकडिणीशी काय भांडू?"

पुढं मात्र दादानं जे केलं, त्यासाठी गाव त्याला पुण्यवान म्हणतं. त्यानं सैदीलच्या घरी जाऊन सांगितलं, "उद्या सांदाकानच्या दवाखान्यात यायचं. डोळे कापून घ्यायचे." सैदील घाबरट, सुईचं नाव काढलं तरी पांढरा पडणारा. दादानं त्याला हाताला धरून नेलं, बाकावर शेजारी बसून राहिला, एक डोळा झाला, मग महिन्याभरानं दुसरा झाला. मशिदीत इमामानंही दोन शब्द बोलून दाखवले. मी दादाला म्हटलं, "एवढी माया कुठून आली रे?"

"माया कसली? त्याला स्वतःचे डोळे मिळाले की माझ्या बायकोचे परत मिळतील."

सैदीलला दिसायला लागलं. त्यानं पहिल्यांदा आरशात बघितलं आणि केस काळे करणं सोडून दिलं. पण वहिनीचे डोळे काही घरी परतले नाहीत. सैदीलनंच सहलीच्या मालकाला सगळं खरं सांगितलं, वर म्हणाला, "इतके महिने पाहुण्यांना जंगल हिनं दाखवलंय. हिला वाटाड्याचा परवाना काढून द्या." मालक आधी भडकला, मग विचार करून हो म्हणाला. वहिनीनं परीक्षा दिली. दादा मनातल्या मनात ती नापास व्हावी म्हणून वाट बघत होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. ती पास झाली.

तिला बोट मिळाली. बोट चालवायला माणूस हवा होता. पुतण्या तयार होता, सैदीलचा चुलतभाऊ तयार होता. दादानं काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "बसून सुकाणू धरायला गुडघा लागत नाही."

आता दोघं एका बोटीत असतात. वहिनी पुढं उभी राहून बोलते, दादा मागं सुकाणूवर. ती "डावीकडं घ्या" म्हणाली की तो आधी उजवीकडं बघतो, तिथं काही निघालं तर बरं, म्हणून. अजून एकदाही निघालेलं नाही. घरी जेवताना ती आता भरपूर बोलते, आणि तो मीठ कमी असलं तरी खातो. पण पाहुण्यांशी ती हसून बोलली, की त्याचं इंजिन उगाच मोठ्यानं गुरगुरतं. सैदीलची बोट समोरून आली, आणि त्यानं नव्या डोळ्यांनी एखादा पक्षी वहिनीच्या आधी टिपून हात वर केला, की मग तर बघायलाच नको.

गेल्या आठवड्यात एका फ्रेंच पाहुण्याला वहिनीबरोबर फोटो हवा होता. त्यानं फोन दादाच्या हातात दिला. वहिनीच्या खांद्याजवळ तो जरा जास्तच सरकून उभा राहिला होता. दादानं एक डोळा मिटून, खूप वेळ नेम धरून फोटो काढला. पाहुण्यानं फोन परत घेऊन बघितला, पुन्हा बघितला. फोटोत जैतूनवहिनी होती, मागं नदी होती, आणि कडेला माणसाचा एक कान होता.

"छान आला आहे," दादा म्हणाला आणि दोर सोडायला वाकला.