आधी कांदा की आधी बहीण

सासरे काठी घेऊन स्वयंपाकघरात शिरले. मागोमाग त्यांचा जावई आणि जावयाचे दोन भाऊ. पायातले जोडेसुद्धा काढले नव्हते. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले.

"कुठंय ती?" सासऱ्यांनी विचारलं.

"इथं नाय."

जावयानं धान्याच्या कोठीमागं बघितलं, न्हाणीत बघितलं. गल्लीत त्यांची जीप चालूच ठेवली होती, तिचा धूर घरात येत होता. माझ्या नणंदेला त्या जीपमध्ये घालून अजिंठ्याकडच्या तिच्या सासरी परत न्यायचं होतं. तिच्या पाठीवर तापलेल्या उलथण्याचा डाग होता. परत गेली असती तर ती जगली नसती, हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं. सासऱ्यांनाही कळत असेल. पण त्यांनी जावयाला शब्द दिला होता.

ती घरात नव्हती, कारण सकाळी सासरे मला म्हणाले होते, "आज चार भाकरी जास्त टाक." पाहुणे येणार असले की ते आदल्या दिवशी सांगत. त्या दिवशी नाव सांगितलं नाही आणि माझ्याकडं बघितलंही नाही. ते विडी ओढायला बाहेर गेले तशी मी नणंदेला मागच्या दारानं बाहेर काढलं.

ही अक्कल मला धड्यातून आली. मी चौथी शिकले. माझे मालक छावणीतल्या एका शाळेत शिक्षक, तेव्हा घरही तिथंच. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही मास्तरच म्हणते. त्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच इतिहास शिकवायला दिला होता. संध्याकाळी मी चुलीपुढं आणि ते पाटावर, पुस्तक गुडघ्यावर. उद्याचा धडा आज माझ्यापुढं म्हणून बघायचे. इंग्लंडचा राजा आणि तिथली सभा यांच्यात लढाई का झाली, त्याची कारणं. राजाचा आवाज मोठा काढायचे, सभेचा बारीक. तव्यावर भाकरी फुगली की थांबायचे, मी ती उलटली की पुढं चालू. त्या वेळी छावणीत संध्याकाळी लष्कराचा बिगुल ऐकू यायचा, लिंबाच्या झाडांवर पोपट कालवा करायचे. आता तिथून रिक्षानं गेलं तर फक्त हॉर्न ऐकू येतात. मला त्या संध्याकाळी आठवतात. माझ्याशी इतकं कुणी कधी बोललं नाही, पुढं मास्तरही नाही.

"राजा म्हणायचा, मला देवानं बसवलंय. मला विचारणारे तुम्ही कोण?" मास्तर सांगायचे.

"म्हणजे आबाच की," मी म्हटलं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. मास्तरांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. वर्गात राजाचं डोकं उडवायचे आणि घरी बापासमोर खाकरायचेसुद्धा नाहीत.

"पुढं सांगा. राजाची बायको काय करत होती?"

"ती परमुलखातली, दुसऱ्या पंथाची. लोकांना पटत नव्हती."

"तिथंही सुनेवरूनच."

ते हसले. मग म्हणाले, तेवढंच कारण नाही. राजा वर्षानुवर्षं सभा बोलवायचाच नाही. अंगावर लढाई आली आणि खर्चाला कमी पडलं की मगच बोलवायचा. सभा म्हणायची, पैसे देतो, पण आधी आमचं गाऱ्हाणं ऐक. तो म्हणायचा, आधी द्या. शेवटी राजा शिपाई घेऊन सभेत घुसला, पाच जणांना धरायला. त्यांना आधीच सुगावा लागला होता. ते होडीत बसून निघून गेले होते.

"मग?"

"मग लढाईच. लई वर्षं."

आमचं शेत वैजापूरला. आबा आठवड्यातले निम्मे दिवस तिकडं असायचे. काय पेरायचं, कुणाचं लग्न कुठं करायचं, सगळं तेच ठरवायचे. सासू माझ्या लग्नाआधीच वारली होती, त्यामुळं मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. आम्हांला एकत्र बसवून विचारायचे ते वर्षातून एकदा, कांदा काढायला आला की. तेव्हा मास्तर, दीर, मी, सगळ्यांचे हात लागायचे. कांदा उपटायचा, पातीसकट वाळू द्यायचा, मग पात कापून कांद्याच्या चाळीत भरायचा. मजूर सगळ्यांनाच एकदम लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत.

नणंद थंडीत आली होती. आबा रोज म्हणायचे, उद्या पोचवून येतो. मी रोज काहीतरी काढायचे. ताप आहे, पापड करायचेत. असं करत उन्हाळा आला.

एका संध्याकाळी आबांनी ओट्यावर सगळ्यांना बसवलं. "रविवारी वैजापूरला निघायचं. कांदा आलाय."

मास्तर म्हणाले, "येतो आबा. पण आधी पोरीचं बोलू."

मी दारात उभी होते. मास्तरांचा आवाज धड्यातल्या सभेसारखाच बारीक निघाला, पण निघाला.

"पोरीचं ठरलंय. दिल्या घरी जायचं."

"तिची पाठ बघितली का तुम्ही?"

"बापानं लेकीची पाठ बघायची नसते. आधी कांदा."

दीर कधी बोलायचा नाही. तो म्हणाला, "आधी बहीण."

"माझ्या ओट्यावर बसून मलाच आधी-नंतर सांगतो व्हय रे? उद्या म्हणशील, बापानंही हात वर करून मत द्यावं!"

"द्या की," दीर म्हणाला. मला हसू आलं, मी आत पळाले.

रविवारी आमच्यातलं कुणी गेलं नाही. आबा एकटेच गेले. दोन म्हाताऱ्या बायका घेऊन काढायला लागले, तोवर अवकाळी पाऊस आला. निम्मा कांदा जमिनीत कुजला. उरलेला त्यांनी हट्टानं ओलाच चाळीत भरला. आयुष्यभर कांदा केलेला माणूस, त्याला कळत नव्हतं असं नाही. रागानं भरला. महिना व्हायच्या आत चाळीतून पाणी गळायला लागलं. त्याच रागात त्यांनी जावयाला निरोप धाडला, येऊन घेऊन जा.

म्हणून त्या सकाळी ती माणसं माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. मास्तरांची सकाळची शाळा, दीर कामावर. जावई मागच्या दारानं बाहेर पडला. मागं फक्त एकच दार होतं, आपांचं. आपा म्हणजे आमच्या शेजारीण, दोन लेकींना घेऊन शिवणकामावर जगणाऱ्या. त्यांच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. पडदा पक्का पाळायच्या. गल्लीतला एकही पुरुष कधी त्या गोणपाटाच्या आत गेला नव्हता.

आबांनी बाहेरून हाक मारली. आतून आपा म्हणाल्या, "बावा, अंदर औरतां हैं. अंदर नक्को आव."

"आमची पोरगी आहे का आत?"

"मेरी बेट्यां हैं."

जावई म्हणाला, "कसला पडदा! व्हा बाजूला," आणि त्यानं गोणपाटाला हात घातला.

आबांची काठी त्याच्या मनगटावर बसली. जोरात. मी दारातून बघत होते, पिठाचे हात तसेच.

"दुसऱ्याच्या घरातल्या बायका आहेत. हात मोडीन."

"माझी बायको आहे आत!"

"मला बायको दिसत नाय. मला पडदा दिसतो."

आबा निजामाच्या काळात वाढलेले. लेकीच्या पाठीला त्यांच्याकडं किंमत नव्हती, पण परक्या बाईच्या पडद्याला होती. हे बरोबर की चूक ते मला सांगता येत नाही. जीप रिकामी गेली. त्या चार भाकरी मी आपांकडं दिल्या.

दुपारी मास्तर आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "धड्यातला राजा आत गेला होता."

आबा त्याच दिवशी वैजापूरला गेले, ते तिकडंच राहिले. स्वतःची भाकरी स्वतः करून खाल्ली. पुढं पाय गेले तेव्हा मास्तरांनी त्यांना इकडं आणलं. त्यांचं सगळं नणंदेनंच केलं. ते तिच्या हातचं जेवत होते, पण तिच्याशी बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

नणंद आपांकडं शिवण शिकली. पुढं तिची मशीन आमच्याच ओट्यावर असायची. सासरी ती पुन्हा गेली नाही.

आबा वारले, मग दीर, मग आपा. मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जावयाचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. मी आहे. नणंद आहे. तिला आता कमी दिसतं, सुई मी ओवून देते.