मालतीचा रुपया

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी डोळे मिटून भलतंच काहीतरी पुटपुटते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि एकदा तरी हे पूर्ण बोलायचं आहे.

आधी माझा विजय ऐका. तो सांगायला मला अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू? डहाणूच्या शाळेत पोरांना पाढे शिकवणारी मी बाई. वीस वर्षं जुनी नाणी जमवते. घरचे म्हणायचे, भंगार गोळा करते. आणि त्या रविवारी दुपारी, मोबाइलवरच्या लिलावात, माझ्या एका चांदीच्या रुपयासाठी तीन अनोळखी माणसं अगदी इरेला पेटली! वेळ संपत आली की कुणीतरी बोली वाढवायचं, की घड्याळ परत दोन मिनिटं पुढे. नवरा सोफ्यावर लोळत होता, तो उठून बसला, मग उभाच राहिला. बोली थांबली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क नाचले. भंगार म्हणणाऱ्या दिरांचा स्वतःहून फोन — 'वहिनी, मानलं तुम्हाला!' अहो, काय सुख असतं ते!

पण त्याच लिलावात तस्साच आणखी एक रुपया होता. तो मालतीचा.

मालती इथल्याच जवळच्या नरपड गावची. घरच्या ओटीवर मशीन टाकून कपडे शिवते, माझे ब्लाउज पहिल्यापासून तिच्याकडेच. तिचे वडील तलासरीचे. देवाघरी जाताना त्यांनी तिच्या हातावर हा एक रुपया ठेवला होता, कापसात गुंडाळलेला. त्यावर जे साल होतं, त्या साली टाकसाळीतून असे रुपये फार थोडे निघाले, म्हणून त्याला मोल. ती दाखवायला आली आणि मी भिंग घेऊन बसले. माझा रुपया हजार हातांतून फिरून झिजलेला. तिच्या रुपयावर राजाची भुवईसुद्धा दिसत होती — आणि वर जुन्या चांदीची ती निळसर काळी झाक. नाणी जमवणारे त्या झाकेवर जीव टाकतात. ती पुसली की नाण्याची किंमत गेली.

तिला बाजारात गाळा घ्यायचा होता. बघून ठेवला होता, पाटीवर काय लिहायचं तेही ठरलं होतं. मी म्हटलं, दोन्ही रुपये माझ्याच खात्यावरून लिलावाला लावू. हे मी मनापासून म्हटलं — निदान म्हणताना तरी.

उठता उठता तिनं विचारलं, 'बाई, किती काळा पडलाय हा. लक्ष्मीपूजनाची नाणी घासतो तसा चिंचेनं घासून आणू का?'

काय करायचं होतं मला? 'नको' म्हणायचं होतं. एवढंच ना? वर्गात दिवसातून पन्नास वेळा म्हणते मी तो शब्द. पण मला दिसत होतं — दोन्ही रुपये शेजारी शेजारी, आणि सगळ्या बोल्या तिच्या रुपयावर. वीस वर्षं टोमणे खाल्ले मी — आणि जिंकणार हिचा कापसातला रुपया?

'घास की,' मी म्हटलं. 'चांगला चकचकीत कर.'

दुसऱ्या दिवशी घेऊन आली. नव्या चमच्यासारखा लखलखत होता. किती खूश होती! लिलावाच्या यादीत त्याच्या फोटोखाली इंग्रजीत लिहून आलं, नाणं घासलेलं आहे. तिनं विचारलं, 'काय लिहिलंय, बाई?' मी म्हटलं, 'चांदीचं आहे, असं लिहिलंय.'

तिचा रुपया जेमतेम चांदीच्या भावानं गेला. त्या गाळ्यात आता दुसऱ्या कुणाचं मोबाइलचं दुकान आहे.

लिलावानंतर सगळ्यात आधी पेढे घेऊन कोण आलं असेल? तीच. शेजारणी जमल्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणाली, 'बाईंनी सांगितलं म्हणून घासला, नाहीतर माझ्या रुपयाला कोण विचारणार होतं?' मी पेढा तोंडात टाकला. लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय? नाही वाटली. मी जिंकले होते, आणि पेढा छान होता.

त्या दिवसापासून मालती माझ्याकडून शिलाई घेत नाही. 'तुमच्याकडून कसले पैसे, बाई?' म्हणते. मी पर्स उघडते, ती माझा हात धरते, मी पर्स बंद करते. आज अंगात आहे तो ब्लाउजही तिनंच शिवलाय. फार सुरेख बसलाय.