मामांचं एकुलतं एक अस्सल नाणं

अख्ख्या डिचोलीत माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस झाला नाही. दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव ते हुंगून घेत आणि देवळातला प्रसादही उजेडात धरून बघत. कोकणी की मराठी यावरून घराघरांत भांडणं चालली होती, तेव्हा मामा दोन्ही भाषांतून सारखाच संशय घेत. गोवा घटकराज्य झालं म्हणून शेजाऱ्याने पेढा दिला, तर म्हणाले, "कालचो दिसता."

पण खरा संशय नाण्यांवर. टांकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं दुर्मिळ आणि मामा त्याचे पारखी, म्हणून लोक काय काय घेऊन येत: खनिजाच्या ट्रकाखाली चेपलेलं, मयेच्या तळ्यात हिरवं पडलेलं. मामा भिंग लावत आणि परत करत. "हें टांकसाळीचें न्हय." मी नवी सून, स्वतःला भारी हुशार समजणारी. एकदा साल नसलेला चांदीचा रुपया घेऊन ऐटीत गेले. मामांनी तो हुंगला. "बाय, देवघरातलो न्हय गो हो? राखेन कितलीं वर्सां घांसलो?" लक्ष्मीपूजनाचाच होता तो. टांकसाळीने घातलेलं साल आमच्या घरच्या बायकांनी दर दिवाळीला घासून पुसलं होतं.

तेव्हापासून मी त्यांची शिष्या. आधीचं नाणं साच्यात अडकलं, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूला त्याचं चित्र खोलगट उमटतं, आरशातल्यासारखं; दुसरी बाजू मात्र ठसठशीत राहते. दोन नाणी पकडीत घालून कोणी दाबली, तर दुसरी बाजू चेपते. "पयलीं पाठ पळय," मामा बजावत. "पाठ फसयना."

त्यांच्यापाशी अस्सल असं एकच होतं, खोलगट सिंहांचं. म्हापशाच्या बाजारात सुट्ट्यात मिळालं म्हणून मामींनी आणून दिलेलं. मामी गेल्यावर ते मखमलीवर ठेवून सगळ्यांना दाखवत, पण हात लावू देत नसत. आता मामींच्या भावाचं म्हापशातच सायकल दुरुस्तीचं दुकान, तिथे भली मोठी पकड. मला संशय येणारच, गुरूच तसा.

शेवटच्या आजारात मामांनी ते माझ्या हातात दिलं. "आतां तूंच परतून पळय. इतकीं वर्सां म्हाका धीर जालो ना."

मी नाणं उलटलं. पाठ सपाट, तिच्यावर पकडीच्या दातांचे वळ. मामा भिंतीकडे बघत होते.

"अस्सल," मी म्हटलं.

त्यांनी भिंग उचललं आणि नाण्याऐवजी माझ्याकडे रोखलं. बराच वेळ बघितलं.

"तुजी मामीय अशेंच म्हणाली," ते म्हणाले. "अशीच, सकयल मान घालून."

नाणं आता माझ्याकडे आहे. नातवंडं मोबाइल घेऊन तपासायला येतात. मी मखमलीवर ठेवूनच दाखवते.