पुखराज टीव्हीत असतो

माणूस गावात असला की त्याचा फार तर एखादा किस्सा होतो. तो गाव सोडून गेला की मात्र किस्से साचत जातात, कारण 'असं नव्हतं झालं' म्हणायला तो समोर नसतो. आमच्या पुखराजचं तेच झालं. तो कॅनडात टेलिव्हिजनवर नट झाला, आणि जळगावात तेव्हा टेलिव्हिजनच नव्हता. त्याचं काम बरीच वर्षं आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. किस्से मात्र सगळ्यांना पाठ.

आम्ही म्हणजे हौशी नाटकवाले. नाना वकील दिग्दर्शक. मी शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी नानांच्या अंगणात तालमीला जायचे. पुखराज मारवाडी कापड दुकानदार मिश्रीशेठचा एकुलता मुलगा. आमच्यातला सगळ्यात चांगला नट, हे नानासुद्धा मान्य करायचे. पण तो नसताना.

*

नाना त्याला नेहमी सावकार करायचे. "अरे, तू शोभतोस," म्हणायचे. शेवटी एकदा धुळ्याच्या स्पर्धेत त्याला मार्केटातल्या हमालाचं काम मिळालं. पुखराज लहानपणापासून दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणीच बोलत आलेला. स्टेजवर त्याने ती अशी काही सोडली की मागच्या बाकांवरचे हमाल उठून उभे राहिले.

परीक्षक पुण्याचे होते. निकालाच्या भाषणात म्हणाले, "हमालाचं काम करणारे कलावंत गुणी आहेत, पण त्यांच्या उच्चारांत मारवाडी वळण जाणवतं."

परतीच्या एसटीत, पारोळ्याच्या पुढे पुखराज म्हणाला, "साहेबांनी माझं बोलणं नाही ऐकलं. आडनाव ऐकलं."

*

त्यानंतर मिश्रीशेठनी त्याला टोरांटोला धाडलं. तिथे नात्यातल्या कुणाचा तरी कापडाचा व्यापार होता. नाना रदबदली करायला दुकानात गेले, तर शेठ कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वकीलसाहेब, धंदा शिकेल. आणि तिकडे त्याचं नाटक बघणार कोण?"

तिकडे त्याचं नाटक लाखो लोक बघायला लागले. स्टुडिओवाल्यांना एका मालिकेसाठी हिंदुस्थानी माणूस हवा होता आणि आसपास हाच होता. काम वेटरचं. वाक्य एकच, "आपलं सूप, सर."

त्याने ते म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, छान, पण तुम्ही हिंदुस्थानी वाटत नाही. जरा मान हलवून बोलाल का?

पुखराजने नानांना लिहिलं, "धुळ्यात मराठी कमी पडलो, इथे हिंदुस्थानी कमी पडतोय. मान हलवली. भाड्याचं बघायला हवं ना."

*

मुलगा नट आहे, हे बाजारात कसं सांगायचं? मिश्रीशेठ नुसतं म्हणायचे, "पुखराज टीव्हीत असतो." लोकांना वाटायचं, टीव्ही बनवतो किंवा विकतो. शेठ कुणाची समजूत खोडायचे नाहीत.

एकदा दोंडाईच्याकडचं एक जुनं गिऱ्हाईक पिशवीतून रेडिओ घेऊन आलं. "शेठ, तुमना पोऱ्या येई तवय त्याले दखाडज्या. बठ्ठा बंद पडेल शे."

मी तेव्हा दुकानात पातळ बघत बसले होते. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मग रेडिओ उचलून फळीवर ठेवला आणि त्या माणसाला म्हणाले, "दिवाळीपर्यंत येईल तो."

कुठली दिवाळी, ते त्यानेही विचारलं नाही.

*

पुढे वेटरमधून त्याची बढती झाली. त्याचे खून व्हायला लागले. त्या मालिकांमध्ये म्हणे गोष्ट सुरू व्हायला कुणीतरी मरावं लागतं, आणि परका माणूस मेलेला बरा, त्याचे नातेवाईक दाखवावे लागत नाहीत. त्याने एकदा फोटो पाठवला. गालिच्यावर पालथा पडलेला पुखराज, पाठीत सुरी, आणि भोवती हॅटवाले चार जण.

फोटो आईच्या हाती पडला. त्या माऊलीने जो आकांत केला, तो ऐकून सगळी गल्ली गोळा झाली. नाना धावत गेले, मी मागोमाग. नानांनी परोपरीनं समजावलं, "काकू, हे खोटं आहे. सुरी लाकडाची. नाटक आहे हे."

बऱ्याच वेळाने त्या शांत झाल्या. फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि म्हणाल्या, "नाटक तर नाटक. पण एकाचं तरी तोंड त्याच्याकडे आहे का?"

नव्हतं. ते चौघे खिडकीबाहेर बघत होते.

*

तो एकदाच आला, आई गेल्यानंतर. आम्ही सत्कार ठेवला. अध्यक्ष नगरपालिकेतले. त्यांनी ओळख 'विख्यात सिनेनट' अशी करून दिली आणि वर सल्ला दिला की आता मुंबईत प्रयत्न करावा, तिथे वाव आहे. मग सभागृहातून मागणी आली, तिकडचं काहीतरी करून दाखवा.

पुखराज उभा राहिला.

"माफ करा," तो म्हणाला, "टाळ्या येईपर्यंत पुरेल एवढं लांब माझ्याकडे काहीच नाही."

लोकांना तो विनोद वाटला. भरपूर हसले.

*

पण येताना त्याने एक रीळ आणलं होतं. इतक्या वर्षांत मिळालेलं एकमेव मोठं काम, वडिलांना दाखवायला. कुटुंबनियोजनाच्या प्रचारगाडीचा प्रोजेक्टर नानांनी ओळखीने मिळवला. आमच्या शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि भर दुपारी पाच-सहा जण बसलो. मिश्रीशेठ पुढच्या खुर्चीवर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

मशीनचा आवाज बिघडलेला. भिंतीवर चित्रं तेवढी हलत होती. गोष्ट साधी होती. परदेशातल्या थंड गावात एक म्हातारा हिंदुस्थानी दुकानदार. पुखराजला ओळखताच येईना. तो गल्ल्यावर बसला, चष्मा कपाळावर चढवला, बोटाला थुंकी लावून कापडाचा पोत पाहिला, गिऱ्हाईक गेल्यावर दाराकडे बघत उगाचच घडी मोडून परत घातली. नानांनी माझा हात दाबला. ते हुबेहूब मिश्रीशेठ होते.

बाहेर बर्फ पडत होता. म्हाताऱ्याने दुकानाचा दिवा मालवला, आणि रीळ संपलं.

कुणीतरी सतरंजी काढली. पुखराज वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. मिश्रीशेठ अजून भिंतीकडेच बघत होते. त्यांनी घरच्या मारवाडीत विचारलं, "इणरो बेटो कठै है?" याचा मुलगा कुठे आहे?

"गोष्टीत नाही, बाबूजी," पुखराज म्हणाला. "त्यांनी लिहिलाच नाही."

शेठनी मान हलवली. "बरोबर लिहिलंय," म्हणाले, आणि दुकान उघडायला निघून गेले.