सासूबाईंच्या पहाऱ्यात प्राणायाम

पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळताच सासूबाईंनी मला पलंगावर अशी स्थापन केली, की गणपतीलाही इतकं जपून कोणी बसवत नसेल. मी नुसती कूस बदलली तरी स्वयंपाकघरातून आरोळी यायची, "हळू गं!" कान तर इतके तिखट, की इंदूरच्या मसाला बाजारात, सियागंजात, कोणी वेलचीचं पोतं सोडलं तर त्यांना घरबसल्या ऐकू जावं.

पलंगावर मला एकच काम उरलं होतं, पोटावर हात ठेवून घाबरणं. पाचवा महिना लागला तरी आत काही हलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोनोग्राफी छान आहे, हालचालही कळेल. आता जरा चाला, हलका योग करा. पडून पडून भीतीच वाढते."

घरी येऊन हे सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आमच्या घराण्यातल्या बायका घोड्यावर बसल्या, पण पोटुशी असताना कोणी शीर्षासन नाही केलं!"

(या घोडेस्वार बायका आजवर घरातल्या एकाही फोटोत सापडलेल्या नाहीत.)

"आई, शीर्षासन नाही हो. बसून हातपाय हलवायचे, श्वास घ्यायचा. बस."

"श्वास घ्यायला क्लास लागतो? मग मीपण येते. बघू तर दे कोणता श्वास आहे तो."

कॉलनीमागच्या हॉलमध्ये गर्भारशींचा सकाळचा वर्ग भरायचा. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून बसलो की कलिंगडांचा ट्रक नुकताच रिकामा झाल्यासारखं दिसे. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मी हात वर केला की त्यांचा जीव वर, मी गुडघे हलवले की त्यांचं रामराम सुरू. शिकवणारी मुलगी बिचारी गोड हसून म्हणायची, "माँजी, आप भी गहरी साँस लीजिए, आपको ज़्यादा ज़रूरत है।"

सगळं सुरळीत चाललं असतं, पण योगाआधी पोटभर खायचं नाही हा नियम सासूबाईंना मुळातच मान्य नव्हता. गर्भारशीनं उपाशी उंबरठा ओलांडायचा नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यावर त्यांनी इंदुरी तोड काढली. एके दिवशी पोह्यांचा डबा घेऊनच आल्या. क्लास सुटला की सूनबाईच्या तोंडात पहिला घास गेलाच पाहिजे, म्हणून तयारी आधीच सुरू. आमचे डोळे मिटलेले, डोक्यावर पंखा वादळासारखा फिरतोय, आणि शिकवणारी म्हणतेय, "लंबी... गहरी... साँस..."

नेमकं तेव्हाच सासूबाईंनी पोह्यांवर भुरभुरायच्या झणझणीत जीरावन मसाल्याची डबी उघडली.

पहिली शिंक कोपऱ्यातून आली. मग ओळच्या ओळ पेटली. माझी शिंक तर अशी, की देपालपूरच्या मंडीत गव्हाचे ढीग उडाले असावेत.

"माँजी! ये हवा में क्या डाल दिया?"

"कुछ नहीं बेटा, जीरावन है। घर का है, एकदम शुद्ध।"

हसताहसता मी एकदम थांबले. हात पोटावर गेला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि डबी हातातून सुटली.

"काय झालं? दुखतंय का?" त्या खाली माझ्याजवळ बसल्या. आवाजातला दरारा कुठल्याकुठे गेला होता. "एवढी जोरात शिंक... माझ्यामुळे काही झालं का गं? बोल ना."

आता इथे मी तिखटमीठ लावत नाहीये, खरंच सांगते. पोटात खोलवर कोणीतरी बोटानं हळूच टकटक केली. मग थांबून पुन्हा केली.

"आई," मी म्हटलं, "हललं."

सासूबाईंनी दोन्ही तळवे माझ्या पोटावर ठेवले. अख्खा वर्ग शिंका दाबून बघत होता. त्यांनी तळवे इकडून तिकडे सरकवून पाहिले.

"मला का नाही कळत?" त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"माँजी, बाहर से महसूस होने में अभी थोड़े दिन लगेंगे।"

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, खुर्चीकडे पाहिलंही नाही, आणि माझ्याच चटईवर मला जरा सरकवून मांडी घातली.

"मग मी इथेच बसते," त्या म्हणाल्या. "हं, घे श्वास."